पठारावरचा आडोसा

आमच्या गल्लीच्या टोकाला चार संडास होते. पहिल्या दोनांची पत्र्याची दारं धड होती, तिसऱ्याला आतून कडी लागायची नाही आणि चौथा बहुधा तुंबलेला असायचा. सकाळी सहापासून तिथं पाण्याचे डबे घेऊन रांग लागायची. कुणाची सोयरीक जमली, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचा नवरा बोलत नाही, हे सगळं गल्लीला त्या रांगेतच कळायचं. सातवीत असताना दिवाळीनंतर मी त्या रांगेत दिवसाला आठ-दहा वेळा दिसायला लागले आणि माझीही बातमी झाली. शेजारच्या हौसाकाकू मोठ्यानं म्हणायच्या, "अगं, आत्ता तर येऊन गेलीवतीस की!" मी डब्याकडं बघत उभी राहायची. पोटात पीळ पडलेला असायचा, कपाळावर घाम फुटलेला असायचा, आणि पुढच्या चार बायकांना 'मला आधी जाऊ द्या' म्हणायला तोंड उघडायचं नाही. नुसती शरम. आता साठी ओलांडल्यावर वाटतं, त्या वयात मला आजारापेक्षा त्या रांगेनं जास्त छळलं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली आण्णांची लोखंडी खुर्ची, आणि आत आईची चूल. आण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर होते. त्यांच्या कपड्यांना कायम तेलाचा आणि कापलेल्या लोखंडाचा वास यायचा. बोलायचे कमी, पण एखादी वस्तू हातात घेतली की तिचं माप डोळ्यांनीच सांगायचे. आई पहाटे भाकरी थापायला बसायची. तो थपथप आवाज, पाठोपाठ कारखान्याचा भोंगा, आणि भोंग्याच्या मागोमाग गल्लीतून गंगावेशीकडं निघालेल्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटा, या क्रमानं आमचा दिवस उगवायचा. तिथल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून पेल्यात दिलेलं फेसाळ दूध प्यायला आण्णा मला दर रविवारी घेऊन जायचे. ते पहिल्यांदा बंद झालं. मग चटणी बंद झाली. ज्या गावात कांदा-लसणाची लाल चटणी भाकरीइतकीच रोजची, त्या गावात माझ्यासाठी वेगळं पातेलं चढायला लागलं. मऊ भात, मुगाचं बिनफोडणीचं वरण, ज्वारीची पातळ आंबील, उकडलेला बटाटा. रविवारी घरात मटण शिजायचं तेव्हा आई माझ्यासाठी पांढऱ्या रश्शातही मिरी घालायची नाही. तो रस्सा कसा लागायचा हे विचारू नका. पण आईही त्या दिवशी माझ्याच पातेल्यातलं जेवायची, आणि 'बरा झालाय की गं' असं इतक्या खरेपणानं म्हणायची की मलाही तो बरा लागायचा.

आण्णांनी मला मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं ते सगळे घरगुती उपाय संपल्यावर. बेलफळाचा मुरंबा झाला होता, कुड्याची साल उगाळून झाली होती, डाळिंबाच्या सालीचं पाणी झालं होतं. गल्लीतल्या एकीनं कुठल्याशा देवाला नारळ द्यायला सांगितलं, तेव्हा आण्णा एवढंच म्हणाले, "ते आमच्या बापानं सोडलं. आता डॉक्टर बघू." मिरजेचे डॉक्टर म्हातारे होते. तपासण्या झाल्या, त्यांचं वर्णन करत नाही; पंधराव्या वर्षाच्या आतल्या मुलीला त्या काय वाटल्या असतील ते समजून घ्या. शेवटी त्यांनी आण्णांना समोर बसवून सांगितलं, की मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आहेत, म्हणून रक्त पडतं. आजार वाढेल, कमी होईल, पुन्हा वाढेल. "हा जाणार नाही," ते म्हणाले, "पण हा घेऊन ही मुलगी म्हातारी होईल, एवढं मी सांगतो." मोठमोठ्या पिवळ्या गोळ्यांची बाटली घेऊन आम्ही एसटीत बसलो. जयसिंगपूर गेल्यावर आण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्हातारी हुशील म्हणालेत. चांगलंच सांगितलं की." डॉक्टर आता नाहीत. असते तर पांढरे केस दाखवायला गेले असते.

कोल्हापूरचा उन्हाळा घरात बसून काढायचा नसतो. परीक्षा संपली की पोरं पंचगंगेवर पोहायला, संध्याकाळी सगळी गल्ली रंकाळ्यावर, एखाद्या रविवारी पन्हाळा, आणि मे लागला की ज्याचं-त्याचं आजोळ. माझं आजोळ शाहूवाडीच्या डोंगरात. तिथली भातखाचरं उन्हाळ्यात कोरडी पडलेली, त्यांत पोरांचे खेळ, आणि कडेच्या जाळ्यांत करवंदं. सलग दोन उन्हाळे मी यातलं काहीच पाहिलं नाही. आजोळी जायचं म्हणजे तीन तास एसटी, आणि एसटी थांबवायला सांगायचं कुणी? मी उंबऱ्यावर बसून बाकीच्यांना जाताना बघायची. परत आल्यावर मैत्रिणी सांगायच्या, मी ऐकायची, आणि त्यांना माझी दया येऊ नये म्हणून मध्येच काहीतरी काम आठवल्यासारखं करून उठायची. घराच्या उंबऱ्यापासून संडासापर्यंत एकशे बारा पावलं होती. शाळा वगळता दोन वर्षं माझं जग तेवढंच होतं.

नववीची परीक्षा झाली त्या एप्रिलमध्ये कबनूरहून आक्का आली. आक्का ही आण्णांची थोरली बहीण, पण आम्हीही तिला आक्काच म्हणायचो. कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायचं काम करायची. मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळं तिला कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला येत नाही म्हणजे दुसऱ्यालाही येत नसणार अशा समजुतीनं ती बोलायची. तिची कुजबूज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळायची. आल्या आल्या तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला.

"ही पोरगी अशी पांढरी का पडलीया?"

"आजार हाय की, आक्का," आई म्हणाली.

"आजार पोटात हाय. ऊन काय पोटाला लागतंय व्हय? घरात बसून वाळाय लागलीया ती. उद्या सकाळी मी हिला रंकाळ्याला घेऊन जातो." आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल 'जातो, येतो'च म्हणतात, आक्काच्या तोंडी तर ते फारच शोभायचं.

मी नको म्हटलं. वाटेत लागली तर, असं हळूच विचारलं. आक्काला ऐकू गेलं नाही, तिनं ते परत विचारायला लावलं, आणि ते ऐकून शेजारच्या तीन घरांना कळेल अशा आवाजात म्हणाली, "लागली तर जायाचं! परसाकडं सगळं जग जातंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. रंकाळ्याच्या अलीकडं, व्हायचं तेच झालं. पोटात कळ उठली आणि मी आक्काचा हात घट्ट धरला. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि समोर दिसलेल्या पहिल्या घराची कडी वाजवली. दार उघडलेल्या माणसाला ती म्हणाली, "पावणं, पोरीला परसाकडंला लागलीया. तुमचा संडास कुटं हाय?" मला वाटलं, जमीन फाटावी. पण त्या माणसानं नुसतं मागच्या अंगाकडं बोट दाखवलं, त्याच्या बायकोनं बादली भरून दिली, आणि बाहेर आल्यावर तिनं मला बसवून पाणी दिलं. आक्का तोवर त्यांच्या ओट्यावर बसून कबनूरच्या मागांबद्दल सांगत होती. त्यानंतर आम्ही तळ्यावर गेलो. दोन वर्षांनी मी रंकाळ्याचं पाणी बघितलं. सकाळच्या उन्हात म्हशी पाण्यात बसल्या होत्या, धुणं आपटल्याचा आवाज येत होता, आणि वाऱ्याला ओल्या शेवाळाचा वास होता.

त्या एप्रिलभर आम्ही रोज बाहेर पडलो. प्रत्येक दार उघडलं असं नाही. एका घरातल्या बाईनं आधी विचारलं, "कुठल्या गल्लीतल्या तुम्ही?" आक्कानं सांगितलं. बाईचा चेहरा बदललेला मला दिसला, आक्कालाही दिसला असणार. "आज आमच्याकडं पाणी आलं नाही," बाई म्हणाली. तिच्या मागं अंगणात नळ चालू होता, त्याची धार हौदात पडत असल्याचं मला ऐकू येत होतं. आक्का भांडेल असं मला वाटलं. ती भांडली नाही. माझा हात धरून ताडताड पुढच्या दाराकडं गेली आणि आधीच्या दुप्पट आवाजात कडी वाजवली. तिथं एक म्हातारे आजोबा होते. "जा की, बाळ," ते म्हणाले, "ह्यात काय इचारायचं?" परतताना आक्का म्हणाली, "एकीनं न्हाय म्हटलं म्हणून आपलं पोट थांबतंय व्हय? म्हणून आपण बी थांबायचं न्हाय." घरी येऊन मी वहीत रस्ता काढला आणि त्या आजोबांच्या घरावर गोल केला. कुठं सोय आहे, कुठं नाही, कुठून कुठं किती वेळ लागतो, हे सगळं त्या वहीत यायला लागलं. पुढं तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. मुली विचारायच्या, बाई, नकाशा काढायला तुम्ही कुणाकडं शिकलात? मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. खरं उत्तर हे आहे.

मे महिना जवळ आला तसा मला दुसराच ध्यास लागला. आमच्या विहारातले लोक दर वर्षी बुद्धपौर्णिमेला ट्रक करून पन्हाळ्याला जायचे आणि तिथून चालत मसाईच्या पठारावरून कडेच्या लेण्यांपर्यंत. लेण्यांत वंदना व्हायची, खीर वाटली जायची, आणि आमचे गुरुजी, म्हणजे विहाराचं सगळं बघणारे प्राथमिक शाळेतले शिक्षक, सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजातेची गोष्ट सांगायचे. माझं नाव सुजाता. लहानपणी ती गोष्ट आली की सगळे माझ्याकडं बघायचे आणि मी उगाच ताठ बसायची. दोन वर्षं ती पौर्णिमा मी उंबऱ्यावर काढली होती.

"मसाईला जायचंय मला," मी म्हटलं.

"पठारावर एक झाड न्हाय," आण्णा म्हणाले. "आडोशाला दगड न्हाय. कुणाचं दार वाजवशील तिथं?"

आण्णा उठून कामावर गेले. पण दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा त्यांच्या पिशवीत अॅल्युमिनियमच्या नळ्या होत्या. मालकाला विचारून, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी त्यांना आटे पाडले होते. तीन नळ्या एकात एक फिरवल्या की माझ्या डोक्याहून उंच खांब व्हायचा. असे चार खांब, खाली टोक, वर अडकवायला कडी. आक्का कबनूरला जाऊन मागावर काठ बिघडल्यामुळं बाजूला टाकलेलं निळं जाड कापड घेऊन आली. आईनं ते शेजारणीच्या मशीनवर शिवलं. तो आडोसा आम्ही पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत उभा केला. आक्का स्वतः आत जाऊन उभी राहिली आणि आतून ओरडली, "माझं काय काय दिसतंय?"

"खालनं पाय दिसत्यात!" आई हसू दाबत म्हणाली.

"पाय दिसू देत! आणि वरनं?"

"वरनं अंबाडा!"

आई पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. आण्णा आधी गंभीर होते, मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. माझ्या आजारावर आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं. मग आईनं खालून वीतभर कापड जोडलं आणि सगळं गुंडाळून एका लांब पिशवीत घातलं. पिशवीत एक खुरपंही ठेवलं, माती उकरायला आणि लोटायला.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी गुरुजी नावं लिहून घ्यायला आले. माणूस वाईट नव्हता, काळजीनंच म्हणाले, "सुजाताला यंदाही घरीच ठेवताय नव्हं? पोरीचे हाल होतील वर. आन् ऊन चढायच्या आत लेण्यांत पोचाय पायजे, सगळ्यांचा खोळंबा व्हायचा." आण्णा घुटमळले. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. बाहेर आले आणि म्हटलं, "गुरुजी, माझं नाव लिहा." गुरुजींनी आण्णांकडं बघितलं. आण्णा म्हणाले, "ल्ह्या की. ती म्हणतीया तर ल्ह्या."

आणि त्याच संध्याकाळी कबनूरहून निरोप आला की आक्काची सून बाळंत झाली. आक्काला जावं लागणार होतं. दारं वाजवणारी, मोठ्यानं सांगणारी तीच होती. माझ्या तोंडून 'परसाकडंला' हा शब्द चारचौघांत अजून एकदाही निघाला नव्हता. मी तिला तसं म्हटलं. ती चपला घालत होती. "तोंड हाय नव्हं तुला?" ती म्हणाली. "मग झालं." आणि गेली.

पौर्णिमेला उजाडता उजाडता ट्रक निघाला. आम्ही बाया सगळ्या पांढऱ्या साड्यांत, मी पांढऱ्या परकर-पोलक्यात. निघण्याआधी मी तीनदा जाऊन आले होते. आईच्या पिशवीत माझी आंबील, उकडलेले बटाटे आणि केळी. ट्रकमध्ये गाणी चालली होती. मी गात नव्हते, पोटाचं ऐकत होते. पन्हाळ्यावर ट्रक थांबला, तिथं सोय होती, ती माझ्या वहीत आक्काच्या ओळखीच्या बाईला विचारून आधीच लिहिलेली होती. मग चालायला सुरुवात झाली. पुरुष पुढं, पोरं मध्ये, बाया मागं. त्या वर्षी बाया बाराच होत्या, मला धरून. चढ संपला आणि पठार आलं. मी वर्णन करायला बसले तर प्रकरण संपायचं नाही. नुसता जांभा खडक आणि करपलेलं पिवळं गवत, चारी बाजूंनी आभाळ, आणि असा वारा की पदर एका जागी राहीना. कुठंतरी उंचावर चंडोल एकसारखा गात होता. आता तिथं गाड्या जातात, लोक उतरून फोटो काढतात आणि परततात. तेव्हा पायीच जावं लागायचं, आणि मला त्या प्रत्येक पावलाचा अभिमान वाटत होता. अर्धं पठार झालं तेव्हा मी आईला म्हटलंही, "बघ, काही झालं नाही." म्हणायला आणि कळ उठायला एकच गाठ पडली.

ती कळ ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. हातात दोन-चार मिनिटं असतात, त्याहून जास्त नाही. पुढं चाळीस-पन्नास माणसं चालली होती. थांबून मागं राहावं, तर पठारावर माणूस कोसभरावरून दिसतो. गुरुजी मागं वळून हाका मारत आले असते. मी आईकडं बघितलं. आईनं तोंड उघडलं, पण तिच्या भिडस्त स्वभावात तो शब्द कुठून यायचा? मग मीच ओरडले. इतक्या मोठ्यानं, की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

"गुरुजी, थांबा! मला परसाकडंला जायचंय!"

सगळी रांग थांबली. पन्नास माणसांनी वळून बघितलं. चंडोल तेवढा गात राहिला. गुरुजी क्षणभर गोंधळले, मग त्यांनी हात वर केला आणि वर्गात सांगतात तसं सांगितलं, "सगळ्या पुरुषांनी तिकडं तोंड करून बसा. पाणी पिऊन घ्या. कुणी मागं बघायचं न्हाय." पुरुष बसले. आण्णा धावत आले, चारही खांबांचे आटे त्यांनी फिरवले, जांभ्याच्या भेगांत टोकं ठोकली, कापड अडकवलं, आणि तेही पलीकडं जाऊन पाठमोरे बसले. पण वारा असा, की कापड शिडासारखं फुगलं आणि एक खांब उपटून आडवा झाला. आई एक खांब धरून उभी राहिली. माझ्या हातात आता वेळच नव्हता.

"खांब धराय या की कुणीतरी!" मी म्हटलं. "तिघीजणी या!"

पहिल्या आल्या त्या हौसाकाकू. त्याच हौसाकाकू. पदर खोचून त्यांनी दोन्ही हातांनी खांब धरला. मागोमाग आणखी दोघी आल्या. मी आत गेले. बाहेर चार बाया चार खांब धरून, आडोशाकडं पाठ करून उभ्या होत्या. आतले आवाज बाहेर जातील म्हणून मी आतल्या आत मरत होते, तेवढ्यात हौसाकाकूंनी मोठ्यानं जात्यावरची ओवी धरली. बाकीच्या तिघींनी तिच्यात आवाज मिसळला. मला काही वेळ कळलंच नाही, की हे माझ्यासाठी चाललंय. कळलं तेव्हा मी बसल्या जागी रडले, आणि मग ते रडणं तिथंच संपवलं.

माती लोटून, हात धुऊन मी बाहेर आले. मान खाली घालायची सवय होती, पण त्या दिवशी नाही घातली. म्हटलं, "झालं. काढूया."

"काढू नगंस," हौसाकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता. "माझा खांब धर जरा. मला बी जायाचंय."

मी त्यांचा खांब धरला. त्या बाहेर आल्या तोवर दुसरी उभी होती. तिच्यामागं तिसरी. गेली कित्येक वर्षं या बाया मसाईला येत होत्या आणि पहाटेपासून परतेपर्यंत पोटात पाण्याचा थेंब घेत नव्हत्या. लेण्यांत गार पाणी असायचं, तिथंही नुसतं तोंड ओलं करायच्या. एकीनं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी तिला वाटेत भोवळ आली होती ती याच्यामुळं. एकीनं सांगितलं, थोरली सून येत नाही ती याच्यामुळं. कुणी कुणाला हे कधी बोललं नव्हतं. बाराच्या बारा बाया त्या निळ्या कापडामागं जाऊन आल्या, माझी आईसुद्धा. पाऊण तास गेला. गुरुजी एकदाही वळले नाहीत आणि एकदाही 'आटपा' म्हणाले नाहीत. शेवटी आम्ही हाक मारली तेव्हा ते उठले, आमच्याकडं आले, आणि बरोबरची पाण्याची कळशी आधी बायांच्या पुढं धरली. बाया प्यायल्या. पोटभर, घटाघटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत प्यायल्या.

लेण्यांत पोचायला उशीर झाला, ऊन चांगलंच चढलं होतं. पण आतला दगड गार होता. वंदना झाली. गुरुजींनी सुजातेची गोष्ट सांगितली आणि सांगून झाल्यावर खिरीचं पातेलं माझ्याकडं सरकवलं. "आज तू वाढ," म्हणाले. मी पन्नास माणसांना खीर वाढली. मला ती खाता येत नव्हती. मी दगडाला टेकून माझी आंबील प्यायले, आणि आण्णा त्यांची खिरीची वाटी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "वाऱ्याला चार खांब पुरत न्हाईत. ताणाय दोऱ्या पायजेत. करतो." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मला आयुष्यात मिळाली नाही. पुढं मला पदवी मिळाली, बढती मिळाली, शाळेत निरोपाला शाल मिळाली. ती सगळी मी त्या वाक्याच्या खालीच मांडते.

या दिवसानं आजार बरा झाला असं मी सांगणार नाही. दहावीच्या सहामाहीला मी दवाखान्यात होते. औषधानं तोंड सुजून गोल झालं, केस गळाले. पिवळ्या गोळ्यांच्या जागी आज दुसऱ्या गोळ्या आहेत, दर दोन वर्षांनी आतडं तपासून घ्यावं लागतं, आणि हे लिहितानाही मी दोनदा उठून आलेय. पण त्या उन्हाळ्यानंतर मी उंबऱ्यावर बसले नाही. त्याच मे महिन्यात मी आजोळी गेले, आणि मलकापूरच्या अलीकडं ड्रायव्हरला मीच सांगितलं, "मामा, गाडी थांबवा." त्यांनी थांबवली. माझ्यामागोमाग आणखी दोन बाया उतरल्या.

पुढच्या वर्षी पौर्णिमेच्या आधी गुरुजी वही घेऊन आमच्याकडं आले. आण्णा खुर्चीवरून उठायला लागले, तर म्हणाले, "तुम्ही बसा. मला सुजाताकडं काम हाय." त्यांनी वही माझ्या हातात दिली. नावं लिहिली होती. "कुठं कुठं थांबायचं ते तू ठरव," ते म्हणाले, "आन् त्या दिवशी म्होरं तू चाल. तुझ्या चालीनं सगळे येतील." दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती, पोट आठवडाभर बिनसलेलं होतं, आणि पौर्णिमेच्या सकाळी ट्रकमध्ये चढण्याआधी मी चार वेळा जाऊन आले होते. पठारावर पोचल्यावर मी एकदा मागं वळून बघितलं. पांढऱ्या साड्यांची रांग चढावरून अजून वर येतच होती. हौसाकाकूंची थोरली सून होती, कबनूरहून आलेली आक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काहीतरी सांगत होती. मी मोजल्या. गेल्या वर्षी बारा होतो, यंदा चौतीस. मग मी तोंड पुन्हा पुढं केलं आणि चालायला लागले.